परसातील डिश आणि कडावचे आकाश

एखादी वस्तू बिघडली की तिचे खापर फोडण्याची एक जागा आपण ठरवून ठेवलेली असते. कर्जत-खालापूर भागात दूरचित्रवाणीचे चित्र बिघडले की ते खापर सह्याद्रीच्या माथ्यावर फुटते. "आम्ही पडलो डोंगराच्या कुशीतले, आमच्याकडे चित्र येणार कुठून?" हे उद्गार कडाव, कशेळे, खांडस या बाजूला पुष्कळ ऐकू येतात. चित्र फुटते, तुकडे तुकडे होते, आवाज तुटतो, आणि घरधनी पूर्वेच्या कड्याकडे बोट दाखवून स्वस्थ बसतो. आरोपी सह्याद्री निर्दोष आहे, आणि खरा अपराधी बहुधा आपल्याच परसात उभा असतो, हे दाखवून देणे हा या लेखाचा हेतू.

ही समजूत मुळातच वेडगळ होती असे मात्र नाही. तिला इतिहास आहे. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी जमिनीलगत, जवळजवळ सरळ रेषेत धावत. आता नकाशावर वरळी आणि कडाव या दोन ठिकाणांना जोडणारी रेघ ओढून पाहावी. सुमारे साठ किलोमीटरांची ही रेघ नेमकी माथेरानच्या डोंगरावरून जाते. माथेरान आठशे मीटर उंच, आणि कडाव त्याच्या पलीकडे पायथ्याच्या मैदानात. म्हणजे त्या काळात डोंगर आड येत होता हे खरे. पण तो पूर्वेचा सह्याद्री नव्हता, पश्चिमेचा माथेरान होता! बांबूवर बांबू बांधून अँटेना उंच करण्याची जी धडपड लोकांनी केली तिच्यामागे हे कारण होते. जमिनीवरचे ते जुने प्रक्षेपक आता बहुतांशी बंद झाले. चित्र येण्याची दिशा बदलली. तक्रार तेवढी जुनीच राहिली.

आकाशात टांगलेला दिवा

1945 साली आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने एक कल्पना मांडली. विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,800 किलोमीटर उंचीवर एखादी वस्तू फिरत ठेवली, तर तिला एक प्रदक्षिणा करण्यास पृथ्वीच्या एका फेऱ्याइतकाच वेळ लागेल. मग खालून पाहणाराला ती वस्तू आकाशात एकाच जागी टांगल्यासारखी दिसेल. असे तीन उपग्रह असले की ध्रुवांजवळचा भाग सोडून सारे जग संदेशांनी जोडता येईल. ही कल्पना वीस वर्षांच्या आत प्रत्यक्षात उतरली.

आपल्या महाराष्ट्राचा या कथेशी जवळचा संबंध आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या बाजूला आर्वी या गावी 1971 साली उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले. त्याची थाळी जवळजवळ तीस मीटर व्यासाची होती, आणि त्यास डॉ. विक्रम साराभाई यांच्या स्मरणार्थ 'विक्रम' हे नाव मिळाले. पुढे 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्षभर 'साइट' या नावाने ओळखला जाणारा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत थेट चित्रे उतरविण्यात आली. या योजनेच्या व्यवस्थापनाची धुरा कोल्हापुरात जन्मलेल्या एकनाथ चिटणीस यांनी वाहिली. त्या खेड्यांत उभारलेल्या तीन मीटरच्या थाळ्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या होत्या. जाळीतून लहर निसटत कशी नाही, असे कोणी विचारील. त्या लहरीची लांबी सुमारे पस्तीस सेंटिमीटर होती, आणि जाळीची भोके तिच्या मानाने फारच लहान. लहरीला ती जाळी भिंतीसारखीच वाटत असे.

आज आपल्या घरावर येणारी लहर याहून पुष्कळ आखूड, म्हणजे पावणेतीन सेंटिमीटरांच्या आसपास आहे. म्हणून थाळी लहान चालते. पण त्याचबरोबर ती लहर अधिक नाजूक आणि तक्रारखोर झाली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते.

डिसेंबर 2004 मध्ये प्रसारभारतीने मासिक वर्गणी न घेणारी उपग्रहसेवा सुरू केली. तिचेच नाव पुढे 'डीडी फ्री डिश' असे झाले. तिच्या वाहिन्या जीसॅट-15 या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह नोव्हेंबर 2015 मध्ये अवकाशात गेला आणि 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या बरोबर वर, उभा आहे. ज्या वाड्या-पाड्यांवर केबलवाल्याची तार पोचत नाही आणि दरमहा पैसे भरणे जड जाते, तेथे हीच सेवा कामी येते. 2020 च्या जुलैत शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखविली गेली. ज्या घरी चित्र फुटत होते तेथील मुलाचा धडाच फुटत होता! तेव्हा डिश सरळ बसवणे ही हौसेमौजेची गोष्ट आहे असे कोणी समजू नये.

डोंगर किती, आकाश किती

आता कडावच्या मैदानात उभे राहून हा उपग्रह कोठे आहे ते पाहू. कडाव 19 अंश उत्तर अक्षांशाच्या अगदी जवळ आणि 73 अंशांहून थोडे पुढे पूर्व रेखांशावर आहे. त्रिकोणमितीने हिशेब केला तर उपग्रहाची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडून मोजत गेल्यास 132 अंश, म्हणजे जवळजवळ बरोबर आग्नेय दिशा, अशी निघते. क्षितिजापासून त्याची उंची निघते 58 अंश. खालापूर, चौक, नेरळ येथेही हे आकडे जेमतेम अर्ध्या अंशाने बदलतात. आपल्या कामाला तेच पुरेत.

58 अंश म्हणजे किती? हात पुढे ताठ धरून मूठ वळली की ती मूठ आकाशाचा सुमारे दहा अंशांचा पट्टा झाकते. क्षितिजापासून एकावर एक अशा जवळजवळ सहा मुठी चढवल्या की उपग्रहाची जागा येते. आता तीच मूठ आग्नेयेला ढाकच्या बाजूच्या कड्यावर धरा. कडावहून पाहता तो कडा अर्ध्या मुठीत मावतो! आठशे मीटर उंचीच्या कड्याने हा उपग्रह झाकायचा, तर तो कडा घरापासून पाचशे मीटरांच्या आत यावा लागेल. इतक्या जवळ, अगदी कड्याला पाठ लावून बसलेली घरे थोडी. सारांश, शंभरातल्या बहुतेक घरांपुरता सह्याद्री या खटल्यातून सुटला.

मग लोकांचा गैरसमज इतका पक्का का? त्याचे एक कारण डिशच्या ठेवणीत आहे. घरगुती डिशचा भाला, म्हणजे ज्याच्या टोकाला एलएनबी बसवलेला असतो तो दांडा, मध्यातून न निघता खालच्या कडेतून निघतो. ही थाळी मुद्दाम तिरक्या मांडणीची केलेली असते. त्यामुळे तिचे तोंड जेथे वळलेले दिसते त्यापेक्षा ती वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. अंगणातून बघणाऱ्याला वाटते, ही तर सरळ डोंगराकडेच टक लावून बसली आहे. वस्तुतः तिची नजर डोंगराच्या कितीतरी वरून गेलेली असते.

खरा अपराधी

डोंगर सुटला, उरले काय? उरला परसातला आंबा. त्याच्या जोडीला फणस, जांभूळ, चिंच आणि कुंपणाजवळचा साग.

उपग्रहाकडून आलेली लहर पाण्याला घाबरते. झाडाचे पान म्हणजे पाण्याने भरलेली पिशवीच. एखाद-दुसरे पान आड आले तर फार बिघडत नाही. पण दाट फांदी आड आली की लहर वाटेतच शोषली जाते, आणि ती फांदी पावसाने भिजली की उरलेसुरलेही संपते. आंबा बारा महिने हिरवा, म्हणून तो आड असेल तर चित्र पहिल्या दिवसापासूनच दुबळे असते. सागाचा कावा निराळा आहे. फाल्गुन-चैत्रात साग निष्पर्ण उभा असतो. त्या दिवसांत कोणी डिश बसवली की चित्र लख्ख येते. आषाढात सागाला परातीएवढी पाने फुटतात आणि चित्र जाते. घरधनी म्हणतो पावसाने नेले, कारागीर म्हणतो एलएनबी गेला. आणि नवा एलएनबी विकत घेऊनही चित्र येत नाही. दिवाळी उलटून पानगळ झाली की ते आपोआप परत येते.

झाड आड आहे की नाही हे ठरवायला यंत्र लागत नाही. 58 अंशांचा सोपा अर्थ असा : दहा पावले आडवे गेले की सोळा पावले वर जायचे. झाडाचा शेंडा डिशपेक्षा दहा मीटर उंच असेल आणि तो आग्नेय दिशेला डिशपासून सव्वासहा मीटरांहून दूर असेल, तर लहर त्याच्या डोक्यावरून निघून येते. जवळ असेल तर अडते. वाढीसाठी मीटर-दीड मीटर जास्त सोडावे, कारण झाड काही आपला हिशेब पाहून वाढायचे थांबत नाही.

याहून सुंदर कसोटी प्रत्यक्ष सूर्यनारायणच घेतो. वर्षातून दोनदा सूर्य आपल्याला बरोबर या उपग्रहाच्या मागे दिसतो. आपल्या भागात तो काळ 12 मार्चच्या आसपासचे दोन-चार दिवस आणि 1 ऑक्टोबरच्या आसपासचे दोन-चार दिवस असा येतो. मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि ऑक्टोबरमध्ये अकराला पाच-सात मिनिटे कमी असताना अंगणात जाऊन पाहावे. ज्या जागी त्या वेळी स्वच्छ ऊन पडले आहे त्या जागेला उपग्रह दिसतो. ज्या जागी झाडाची किंवा भिंतीची सावली आहे ती जागा डिशला निरुपयोगी. अंगणात खडूने ती सावली आखून ठेवली की वर्षभराचा नकाशा तयार झाला. याच दिवसांत त्याच वेळी काही मिनिटे चित्र फाटण्याचा संभव असतो, कारण डिशला उपग्रहाबरोबर सूर्याचा गोंगाटही ऐकू येतो. त्यासाठी कोणालाही बोलावू नये. सूर्य पुढे सरकला की तो दोष जातो.

यावरून एक गोष्ट निघते. आंबा तोडण्याचे कारणच नाही. लहर येते ती डिशच्या रुंदीएवढ्या, अगदी अरुंद वाटेने. मीटरभर मोकळी फट मिळाली तरी पुरते. डिश झाडाच्या आग्नेय अंगाला नेली की झाड तिच्या पाठीमागे राहते. त्यासाठी पंधरा-वीस मीटर जास्त केबल लागली तरी हरकत नाही. पन्नास वर्षांचे झाड उभे ठेवायला एवढा खर्च जास्त नाही.

दुबळे म्हणजे नेमके काय

उपग्रहावरचा एकेक प्रक्षेपक शे-दीडशे वॅट शक्तीचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एक-दोन विजेच्या दिव्यांएवढा. त्याचा उजेड सबंध देशभर पसरतो. साठ सेंटिमीटरांच्या आपल्या डिशच्या वाट्याला त्यातला जो अंश येतो, तो एका वॅटच्या दहा लाखाव्या भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग, असे एक-दोन भाग. एवढ्याशा कुजबुजीतून सबंध चित्र उभे करायचे असते.

डिशचे काम त्या कुजबुजीची ओंजळ भरून एलएनबीच्या तोंडाशी आणण्याचे. एलएनबी तिला लाखो पटींनी मोठी करतो आणि केबलमधून जाईल अशा खालच्या कंप्रतेत बदलतो. पण एलएनबी स्वतःही थोडी खरखर निर्माण करतो. आपल्या सेट टॉप बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक 'स्ट्रेंग्थ'ची आणि दुसरी 'क्वालिटी'ची. पहिली पट्टी नुसता आवाज किती मोठा आहे ते सांगते. त्यात खरखरही मोजली जाते. दुसरी पट्टी त्या आवाजात बोलणे किती स्पष्ट आहे ते सांगते. डिश भलत्याच दिशेला असूनही पहिली पट्टी भरलेली दिसू शकते. आपल्याला पाहायची ती दुसरी.

बाजारात 'बूस्टर' म्हणून जे मिळते त्याचा भ्रम येथे दूर होतो. सभागृहात वक्त्याचा आवाज गलक्यात बुडाला असेल तर ध्वनिवर्धकाचा कान पिळून उपयोग काय? गलकाही तितकाच मोठा होणार. फार लांब केबल असेल तेथे बूस्टरला काम आहे. पण डिशनेच कमी गोळा केले असेल तर बूस्टर ते भरून काढू शकत नाही. जे मिळवायचे ते एलएनबीच्या तोंडापूर्वी मिळवले पाहिजे.

बसवण्याची रीत

प्रथम खांब. त्याला गवंड्याचा ओळंबा लावून दोन बाजूंनी पाहावे. खांब कलता असेल तर पुढचे सगळे कोन खोटे ठरतात. मग डिशच्या मागच्या मोजपट्टीवर 58 अंश लावावे. ही पट्टी तिरक्या मांडणीचा हिशेब धरूनच आखलेली असते.

त्यानंतर एलएनबीचा पीळ. पुष्कळदा चुकते ते येथे. सारे स्थिर उपग्रह आपल्या दक्षिण आकाशात एका कमानीवर बसलेले आहेत. ही कमान दक्षिणेला उंच आणि पूर्व-पश्चिमेकडे उतरती आहे. आग्नेयेला तोंड करून उभे राहिले तर ती डावीकडे उतरत जाते, आणि लहरींचे आडवे-उभेपणही तिच्याबरोबर कलते. कडावहून या उपग्रहापुरता हा कल जवळजवळ बरोबर 45 अंशांचा निघतो. एलएनबी सरळ उभा ठेवला तर आडव्या आणि उभ्या लहरींची अर्धीअर्धी भेसळ होते. याहून वाईट स्थिती नाही! डिशच्या मागे उभे राहून आकाशाकडे पाहत एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला अर्ध्या काटकोनापर्यंत वळवावा आणि शेवटचा सूक्ष्म फेर 'क्वालिटी'ची पट्टी पाहून ठरवावा.

मग दिशा. होकायंत्राने 132 अंश, म्हणजे पूर्वेकडून दक्षिणेकडे 42 अंश, धरावे. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशाचाही फरक नाही. मात्र सुई लोखंडी खांबापासून दूर ठेवून दिशा घ्यावी. आता डिश एकेक सेंटिमीटर सरकवावी आणि प्रत्येक वेळी पाच-सात सेकंद थांबावे. बॉक्सला ओळख पटायला वेळ लागतो. घाई करणारा उपग्रहावरून तसाच पुढे निघून जातो. चित्र एका बाजूला कोठे जाते आणि दुसऱ्या बाजूला कोठे जाते या दोन खुणा करून डिश बरोबर मध्यावर आणावी. उंचीच्या कोनालाही असेच करावे. शेजारीच 95 अंशांवर दुसऱ्या सेवेचा उपग्रह आहे. तेव्हा पट्टी भरली म्हणून न थांबता वाहिन्या आपल्याच आहेत ना, हे पाहावे. शेवटी नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. एकच नट आधी घट्ट केला की तोच डिशला ओढून नेतो.

किती नेमकेपणा हवा? साठ सेंटिमीटरची डिश दीड अंश ढळली की तिला मिळणारी शक्ती निम्मी होते. दीड अंश म्हणजे डिशची कड सुमारे पाऊण सेंटिमीटर हलणे. वळवाच्या वाऱ्याला किंवा डिशवर कपडे वाळत घालणाऱ्याला एवढे करणे सहज साधते!

राहिली केबल. पाणी पिनेतून आत शिरते. पिनेवर रबरी टोपी असावी, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे ओघळ तेथून गळून पडतो. एलएनबीच्या तोंडावरची टोपी फुटली असेल तर कुंभारीण माशी आत घर करते. वर्षातून एकदा पाहावे.

मोठी डिश आणि मोठा पाऊस

साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची डिश घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होते, आणि मिळकतही तेवढीच वाढते. उघड्या आकाशात या वाढीचा फरक डोळ्यांना दिसणार नाही, कारण आजचे चित्र एक तर पूर्ण स्वच्छ येते किंवा फुटते. ही वाढ म्हणजे गाठीला बांधलेली शिल्लक. ती खर्च होते पावसात. मात्र मोठ्या डिशची नजर अधिक अरुंद असते. तिला अधिक नेमके बसवावे लागते आणि वाराही अधिक लागतो. जागा व रोख न सुधारता मोठी डिश आणणे म्हणजे भोक न बुजवता मोठी घागर विकत घेणे.

आपल्या तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आषाढातली सर कोसळते तेव्हा पाण्याच्या थेंबांनी लहरीचा नऊदशांश भाग किंवा त्याहूनही अधिक वाटेतच संपतो. मोठ्या डिशने हा खंड आखूड होतो. नाहीसा होत नाही. हे बसवणाऱ्याचे पाप नव्हे, पाण्याचा गुण आहे. सर ओसरली की चित्र परत येते. त्या वेळी भिजत गच्चीवर चढून डिश हलवणाराच तिचा रोख कायमचा बिघडवतो, आणि विजा होत असताना तर जीवही धोक्यात घालतो.

येथे एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि कित्येक जीव गेले. तेव्हापासून पावसाळ्यात हवामानाच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवणे हे आपल्या डोंगरपायथ्याच्या गावांना कर्तव्य झाले आहे. पण डिशवरचे चित्र नेमके अतिवृष्टीच्या वेळी जाते. म्हणून त्या दिवसांत केवळ तिच्यावर विसंबू नये. आकाशवाणीच्या मध्यमलहरींची लांबी शेकडो मीटर असते. पाऊस त्यांना जाणवतही नाही. जेथे त्या ऐकू येतात तेथे पेटीवर चालणारा एक साधा रेडिओ घरात असावा, फोन भरलेला असावा, आणि संध्याकाळीच, सर येण्यापूर्वी, इशारा ऐकून घ्यावा. एखाद्या साधनाच्या मर्यादा कळणे हाही त्याच्या उपयोगाचाच एक भाग आहे.

तेव्हा चित्र दुबळे झाले तर क्रम असा ठेवावा. आधी आग्नेयेला सहा मुठी मोजून झाड पाहावे, मग खांब आणि नट, मग एलएनबीचा पीळ, मग पिना. यांतले काहीच दोषी ठरले नाही तर पैशाच्या पिशवीला हात घालावा. बहुतेक घरी ती पिशवी उघडावीच लागणार नाही. आणि आंब्यालाही हात लावावा लागणार नाही.